सांगलीत पुराआधी घर सोडताना पिशवीत काय असावं?

प्रश्न: आम्ही सांगलीत नदीपासून जवळच्या गल्लीत, तळमजल्यावर भाड्याने राहतो. घरात आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७२, इन्सुलिन चालू आहे, गुडघे गेलेत. अचानक घर सोडायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून एक बॅग भरून ठेवायची आहे. ऑनलाइन ६ हजारांचं तयार ‘सर्व्हायव्हल किट’ दिसतंय. ते घ्यावं का? नाहीतर काय काय भरावं?

उत्तर:

ताई, किट घेऊ नका. तसली दोन-तीन किटं मी उघडून पाहिली आहेत. आत चकमक असते, मासे धरायचा गळ असतो, दोरीचं कडं असतं, वीतभर पात्याचा सुरा असतो. तुम्हाला जंगलात तग धरायचा नाहीये. तळमजल्यावरून निघून कुणाच्या तरी हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात चार-सहा दिवस काढायचेत आणि परत आल्यावर गाळानं भरलेल्या घरात तलाठ्यासमोर पंचनाम्याला उभं राहायचंय. एवढ्यासाठी लागणारं बहुतेक सामान तुमच्या घरात आत्ताच आहे, फक्त सात ठिकाणी विखुरलेलं आहे.

मी २००५ च्या महापुरापासून कृष्णा-पंचगंगेच्या काठावर बोटीवर काम करतो. सांगली, मिरज, शिरोळ हा आमचा पट्टा. बोट दारात लागली की हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “एक मिनिट हां, एवढं घेऊन येतो.” मग कपाट उघडतं, पासबुक सापडत नाही, आजीची कवळी वाटीत कुठंतरी राहिलेली असते, चार्जर दुसऱ्याच खोलीत. त्या एका मिनिटाची वीस मिनिटं होतात. बोटीत आधी बसलेली माणसं पावसात कुडकुडत असतात, पुढच्या गल्लीतून फोन चालू असतात. पिशवी भरायची ती ही वीस मिनिटं वाचवायला.

भरण्याआधी उचलायची कधी ते ठरवा, कारण उशिरा उचललेल्या चांगल्या पिशवीपेक्षा वेळेवर उचललेलं गाठोडं बरं. आपल्याकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. हे आकडे सगळ्या शहरासाठी आहेत, तुमच्या उंबऱ्यासाठी नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत पाणी येतं तेव्हा बाकीचं गाव निवांत असतं. तुमच्या गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा, आयर्विनला किती फूट झाल्यावर कोपऱ्यावर पाणी येतं. सांगलीत हे आकडे लोकांना तोंडपाठ असतात. तुमच्या कोपऱ्याचा आकडा कळला की त्यातून तीन फूट वजा करा. तो तुमचा निघायचा आकडा. सासूबाई नसत्या तर मी दोन फूट म्हटलं असतं.

आणि मागच्या पुराच्या खुणेवर विसंबू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी जण “२००५ ला इथवर आलं नव्हतं” म्हणून घरात बसून राहिले. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ च्या खुणेपेक्षा तीन फुटांहून जास्त. भिंतीवर जुन्या पुराची रेघ जपून ठेवलेल्या घरांतली माणसंसुद्धा आम्ही माळ्यावरून काढली. माळा सामानासाठी आहे, माणसांसाठी नाही. वर गेलात की खाली यायचा रस्ता पाण्यातून असतो.

आता पिशवी. शाळेच्या दप्तरासारखी, दोन खांद्यांवर अडकवायची, दोन्ही हात मोकळे राहतील अशी. चाकाची बॅग गुडघाभर पाण्यात बोटीच्या नांगरासारखी मागं ओढते, तिचा उपयोग नाही. वजन अंगाच्या सहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. तुम्ही ६० किलोच्या असाल तर १० किलो ही शेवटची हद्द, ७-८ असलं तर उत्तम. रद्दीवाल्याच्या काट्यावर एकदा तोलून घ्या, अंदाज नेहमी कमी येतो. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या बॅगेवर विश्वास ठेवू नका, चेनमधून पाणी शिरतंच. आत कचऱ्याची जाड काळी पिशवी उघडून घाला, सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून गाठ मारा. दहा रुपयांत काम होतं.

एक पिशवी चौघांची करू नका. तुमची एक, मिस्टरांची एक, मुलीचं दप्तर तिचं तिला. सासूबाईंना पाठीवर काहीही नको. त्यांच्या कमरेला एक चंची बांधा, जुन्या बायका बांधायच्या तशी. प्रत्येकाच्या अंगावरच अशी एक चंची किंवा गळ्यातला पाऊच असावा आणि त्यात ज्याच्यावाचून अजिबात चालणार नाही तेवढंच असावं: एका दिवसाच्या गोळ्या, थोडे पैसे, आधारची झेरॉक्स, फोन नंबर लिहिलेला कागद. याचं कारण ब्रह्मनाळ. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात तिथं नाव उलटली, माणसं बुडाली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तेव्हापासून बोटीवरचा माणूस “पिशवी ठेवा, माणूस घ्या” म्हणाला तर वाद घालायचा नाही. पिशवी टाकून देता आली पाहिजे, आणि ती टाकल्यावरही सासूबाईंची रात्रीची गोळी चुकता कामा नये. बोटीत बसताना आणि पाण्यातून चालताना छातीवरचा, कमरेचा पट्टा सोडून ठेवा. घसरलात तर पिशवी अंगातून निघून गेली पाहिजे, तुम्हाला घेऊन नाही.

सगळ्यात जास्त विचार सासूबाईंच्या औषधांचा करा. बाकी काही विसरलं तर शिबिरात कुणीतरी देईल. पेस्ट, साबण, चादर, चहा, सगळं मिळतं. त्यांच्या नेमक्या ब्रँडचं इन्सुलिन तिसऱ्या दिवशी मिळेलच असं नाही.

दहा दिवसांची औषधं ठेवा. इन्सुलिनबद्दल लोकांची एक भीती असते की फ्रिज नसला की ते वाया गेलं. चालू असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालतं, तापमान तीसच्या आत हवं. तुमच्या ब्रँडचे दिवस किती ते डब्यातल्या घडीच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचून बाटलीवर उघडल्याची तारीख पेननं टाका. पुराच्या दिवसांत आपल्याकडं हवा गारच असते, त्यामुळे चालू बाटलीची काळजी नको. न उघडलेली जादा बाटली कोरड्या डबीत घालून, डबीला ओलं फडकं गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवली तरी निभावतं. बर्फाला मात्र टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं असतं, दिसायला कितीही चांगलं दिसलं तरी.

खरा धोका वेगळाच आहे. शिबिरात जेवणाची वेळ नसते. सकाळी सातला सुई टोचली आणि खिचडी साडेदहाला आली, असं झालं की साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि आजूबाजूचे म्हणतात, “घाबरल्यात.” ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, हा नियम करायचा का आणि डोस किती कमी करायचा, हे जूनमध्येच डॉक्टरांना विचारून त्यांच्याच कागदावर लिहून घ्या. चंचीत ग्लुकोज पावडर किंवा साखरेची पुडी हवीच. साखर उतरलीय असं वाटलं आणि माणूस गिळू शकत असेल तर अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट लावून. दमट हवेत उघड्या राहिल्या की चुकीचे आकडे दाखवतात.

आणि त्यांचे पाय. मधुमेहात तळव्याला जखम झालेली कळत नाही, आणि पुराचं पाणी म्हणजे गटार, गोठा, उकिरडा सगळं एकत्र. त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) होतो, चिखल्या होतात आणि मधुमेहाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. चपला चिखलात रुततात, त्यांच्यासाठी जुने लेसचे कॅनव्हास बूट काढून ठेवा. मोज्यांचे दोन जोड प्लास्टिकमध्ये. कोरड्या जागी पोचलात की आधी त्यांचे पाय साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा आणि टॉर्च लावून तळवे बघा. चहा त्यानंतर. आरोग्य पथकं लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिनची गोळी देतात. ती त्यांनी विचारपूस करून दिली तरच घ्या, घरात उरलेल्या पाकिटातून नको.

एक विषय कुठल्याच यादीत नसतो. शाळेतली संडासं. भारतीय बैठक, बाहेर पाऊस, रांग, दिवा नाही, खाली शेवाळ. गुडघे गेलेल्या बायका यावर एकच उपाय काढतात: पाणी पिणं बंद करतात. दुसऱ्या दिवशी तोंड कोरडं, तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, आणि मग आम्हाला ‘अशक्तपणा आलाय, ॲम्ब्युलन्स पाठवा’ असा फोन येतो. म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा की शिबिर हा दुसरा पर्याय ठेवा. उंचावर राहणारं, कमोड असलेलं एक घर मे महिन्यातच ठरवा आणि त्यांना स्पष्ट सांगून ठेवा, “यंदा वेळ आलीच तर आम्ही चौघं तुमच्याकडं येणार.” पुराच्या रात्री विचारण्यापेक्षा हे कमी संकोचाचं असतं. तरीही शिबिरातच जावं लागलं तर एक प्लास्टिकची खुर्ची मध्ये गोल कापून आधीच तयार ठेवा, पुढच्या दाराशी. कुरूप दिसते, पण तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झालेला मी पाहिला नाही.

तुमच्या पिशवीत एक जुनी सुती साडी घाला. कपडे बदलताना आडोसा, रात्री अंथरूण, गढूळ पाणी गाळायला, वेळ पडली तर झोळी. मुलीसाठी आणि तुमच्यासाठी पॅड, शिबिर पहिले दोन दिवस सगळं देतं आणि नेमकं हेच विसरतं. प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड, लवकर वाळेल असा. जीन्स नको, पावसाळ्यात ती चार दिवस वाळत नाही. सासूबाईंची वाकळ घरातच राहू दे, भिजली तर तिला उचलायला दोन माणसं लागतात.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. आपल्या भागात पुरात अन्न कमी पडत नाही, पुढचं गाव ट्रॉल्या भरून भाकऱ्या पाठवतं. पहिल्या चोवीस तासांपुरतं बरोबर असावं. भडंग सगळे घेतात, मीही घ्यायचो. पण ते तिखट-खारट, खाल्लं की तहान लागते आणि पाणीच तर मोजकं असतं. साधे चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, मुलीसाठी राजगिऱ्याचे लाडू. सासूबाईंसाठी भाजणीचं पीठ किंवा सातू, पाण्यात कालवून पोटात जाईल असं. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत. पाणी माणशी एक लिटरची बाटली. पिण्यासाठी दिवसाला माणशी तीन लिटर तरी लागतं, पण पाठीवर बारा लिटर म्हणजे बारा किलो, ते जमणार नाही. म्हणून क्लोरिनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली ठेवा. किती पाण्याला किती ते वेष्टनावर असतं, घातल्यावर अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी साडीच्या चार पदरांतून गाळा, गाळात क्लोरिन वाया जातं. ओआरएसची सहा पाकिटं. सासूबाईंना ते देण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा, त्यात साखर असते.

कागदांबद्दल. मूळ कागद एका रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक बरणीत गुंडाळी करून ठेवा. फाइलपेक्षा बरणी बरी, ती तरंगते. हे मी स्वतःच्या कर्मानं शिकलो. २००५ ला आमचे घरचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत, पलंगाखाली होते. पूर ओसरल्यावर ट्रंक जागच्या जागी मिळाली. आत आजोबांच्या वेळच्या दस्तांचा एक तपकिरी लगदा होता, त्यावर शिक्क्याची जांभळी शाई पसरलेली. मूळ दस्त लॅमिनेट मात्र करू नका. कडेनं पाणी आत शिरलं तर कागद सोडवून वाळवता येत नाही.

तुम्ही भाडेकरू आहात, म्हणून भाडेकरार आणि त्या पत्त्यावरचा तुमच्या नावाचा एखादा पुरावा फार महत्त्वाचा. पंचनाम्याच्या वेळी घरमालकाचं नाव वीजबिलावर असतं आणि राहणाऱ्याला ‘तुम्ही इथलेच कशावरून’ असं विचारलं जातं. शिवाय आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, गाडीचा विमा, सासूबाईंची फाइल, मुलीचा जन्मदाखला. जे डिजिलॉकरमध्ये चढवता येतं ते आजच चढवा. आणि मोबाइलवर घराचा एक व्हिडिओ काढा: दारातून आत या, प्रत्येक कपाट उघडा, फ्रिज-टीव्हीच्या मागचा नंबर दाखवा, तो व्हिडिओ बाहेरगावच्या बहिणीला पाठवून द्या. परतल्यावर फावडं हातात घ्यायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट फोटो. घर धुऊन लख्ख केल्यावर नुकसान दाखवायला काही उरत नाही.

राहिलेलं भराभर सांगतो. कपाळाला लावायची टॉर्च, सेल बाहेर काढून वेगळ्या पुडीत, आत राहिले की गळतात आणि टॉर्च खातात. दहा हजार एमएएचची पॉवर बँक साध्या फोनला दोनदा पुरते, दर महिन्याला चार्ज करायची आठवण ठेवा. नेटवर्क लटपटत असेल तर फोन लावत बसू नका, एसएमएस करा, तो निसटून जातो. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, अंधारात आणि पावसात हाक पोचत नाही, शिट्टी पोचते. दोन-तीन हजार रुपये, दहा-वीस-पन्नास-शंभरच्या नोटांत. टॉवर बंद पडला की यूपीआय बंद आणि पाचशेचे सुटे कुणाकडं नसतात. कागदावर नंबर: ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. फोनमध्ये ‘सचेत’ ॲप. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर तो तरंगत दुसऱ्याच्या अंगणात जातो.

हे सगळं सांगलीच्या पुरासाठी आहे. इथलं पाणी चढायला वेळ घेतं, कोयनेतून विसर्ग वाढला की बातमी आधी येते. तुमची बहीण कोकणात असेल तर तिला हे जसंच्या तसं पाठवू नका. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं एका रात्रीत बाजारपेठ बुडवली. तिथं घर सोडण्याचा अर्थ बहुतेकदा वरच्या मजल्यावर चढणं, त्यामुळे पिशवी वरच हवी आणि तिच्यात पाणी जास्त हवं. त्याच दिवशी संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. दरडीला पिशवी उपयोगाची नाही. जमिनीला भेग पडली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं कलली, की हात हलवत निघायचं. आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, लोक झोपेत होते. तुम्ही भूकंप होणाऱ्या भागात राहत असाल तर पलंगाजवळ चप्पल आणि टॉर्च, पिशवी घराबाहेर गाडीत किंवा पडवीत.

तुमची पिशवी पुढच्या दाराशी, कमरेच्या वर, खुंटीला. मृग निघायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात भरा. २००५ आणि २०२१, दोन्ही पूर म्हाताऱ्या पावसातले, जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यातले. २०१९ चा आश्लेषातला, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला. म्हणून जुलैच्या मध्यावर एकदा सगळं उपसून पाहा: औषधांच्या तारखा, टॉर्च, मुलीचे बूट तिला अजून होतात का.

आणि एका रात्री तालीम करा. जेवणं झाल्यावर मेन स्विच पाडा, घड्याळ लावा, चौघं पिशव्यांसह रस्त्यावर या. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील, सासूबाई वैतागतील. त्यांना वैतागू द्या, पण त्या कशासाठी मागं वळल्या ते बघून ठेवा. एका घरात आजी प्रत्येक वेळी देव्हाऱ्याकडं परत जायच्या. शेवटी आम्ही बाळकृष्णासाठी चंचीतच एक कप्पा शिवून दिला, मग त्या सगळ्यांच्या आधी दारात उभ्या राहायला लागल्या.

काही वस्तू रोजच्या वापरातल्या असतात, त्या पिशवीत भरून ठेवताच येत नाहीत. त्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर एक चिठ्ठी चिकटवा. मुलीलाच लिहायला सांगा, मोठ्या अक्षरात: फ्रिजमधलं इन्सुलिन, आजीचा चष्मा, कवळी, दोन फोन, चार्जर, गॅस, मेन स्विच, खुर्ची.